नेट रखडतंय? आधी ट्रेसरूट वाचा
नेट रखडलं की कंपनीला फोन लावण्याआधी ट्रेसरूट चालवा. ही संगणकावरची कमांड तुमचा डेटा वाटेत कुठल्या राउटरांतून जातो आणि प्रत्येकापर्यंत जाऊन-यायला किती मिलिसेकंद लागतात, ते ओळीओळीने दाखवते. पहिली ओळ बहुधा घरच्या राउटरची. तिथेच 2-3 ऐवजी 80 मिलिसेकंद दिसले, तर संशय वायफायवर. केबल लावून पुन्हा बघा. मध्येच आकड्यांऐवजी नुसते तारे (*) आले तर घाबरू नका, बरेच राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत. एखाद्या टप्प्याचा आकडा फुगून पुढे उतरला, तरी सोडून द्या. शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच गडबड. तीही अंतर बघून ठरवा: काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किमी जातो, त्यामुळे मुंबई-लंडन जाऊन-येऊन 70 मिलिसेकंदांच्या खाली येणारच नाही, कितीही महागडा प्लॅन घ्या. रात्री नऊचा, म्हणजे गर्दीच्या वेळेचा, आणि पहाटेचा, असे ट्रेसरूटचे दोन्ही स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.