लग्नाचा दाखला नसताना: समलिंगी जोडप्याने कोणते कागद करून ठेवावेत

भारतात समलिंगी जोडप्याच्या लग्नाची नोंदणी होत नाही. 6 सप्टेंबर 2018 च्या नवतेज सिंग जोहर निकालानंतर संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. (जोडीदारांपैकी कुणी ट्रान्सजेंडर असेल आणि नातं स्त्री-पुरुषाचं असेल, तर प्रचलित कायद्यांखाली लग्न करता येतं, हेही त्याच निकालात आहे.) म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही एका छपराखाली राहणारे दोन अविवाहित परके. नोटरीच्या शिक्क्याचा ‘विवाह करारनामा’ करून देणारे भेटतात. त्याने वैवाहिक दर्जा मिळत नाही, तेव्हा पैसे घालवू नका. लग्नाने एका सहीत जे मिळतं ते इथे सुट्या कागदांनी जोडावं लागतं, आणि यातला प्रत्येक कागद कुठे ना कुठे तोकडा पडतो.

आधी मृत्युपत्र

बाकी काही जमलं नाही तरी हे कराच. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार अविवाहित, निपुत्रिक पुरुषाची मालमत्ता आधी त्याच्या आईकडे जाते, तशाच स्त्रीची आईवडिलांकडे. जोडीदार या यादीत कुठेच नाही, वीस वर्षं एकत्र राहिला असला तरी.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहून मग स्वतः सही केली पाहिजे. नोंदणी ऐच्छिक आहे. तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, कारण अशा मृत्युपत्राला घरचे आव्हान देण्याची शक्यता जास्त असते. त्याच कारणासाठी त्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा आणि आईवडिलांना कमी का दिलं हे दोन ओळींत लिहा.

एक चूक प्रेमापोटी होते. जोडीदारच वकील शोधतो, मसुदा करवून घेतो, सहीच्या वेळी शेजारी बसतो. ज्याला लाभ होणार त्यानेच पुढाकार घेतला, ही न्यायालयाच्या दृष्टीने संशयास्पद परिस्थिती ठरू शकते. त्याला त्या दिवशी घरीच राहू द्या. साक्षीदारही तो नको.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा त्याला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. शाखेत कुणी ‘रक्ताचं नातं दाखवा’ म्हणालं तर त्या खुलाशाची प्रत पुढे करा. खातं ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं ठेवा, म्हणजे एक गेल्यावर दुसऱ्याला पैसे काढता येतात.

पण नॉमिनी पैसे फक्त ताब्यात घेतो. हक्क वारसांचा राहतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. विम्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रकमेची खरी लाभार्थी ठरतात. जोडीदार त्यात मोडत नाही. म्हणून नॉमिनेशनमध्ये जे नाव, तेच मृत्युपत्रातही त्या खात्याच्या किंवा पॉलिसीच्या क्रमांकासह लिहा.

भविष्य निर्वाह निधीत अडचण वेगळी आहे. योजनेच्या व्याख्येतलं ‘कुटुंब’ असेल तर नामनिर्देशन त्यांच्याच नावे करावं लागतं, आणि त्या व्याख्येत अवलंबून असलेले आईवडीलही येतात. ते हयात आणि अवलंबून असतील तर जोडीदाराचं नाव टिकणार नाही. तेवढी भरपाई दुसऱ्या मालमत्तेतून करा.

घर दोघांचं करायचं असेल तर ते खरेदीच्या वेळीच करा. खरेदीखतात दोन्ही नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा; आपापल्या हिश्शाचे पैसे आपापल्या खात्यातून गेलेले बरे. नंतर बक्षीसपत्र महाग पडतं: महाराष्ट्रात पती, पत्नी किंवा मुलांना राहतं घर 200 रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीस देता येतं, जोडीदाराला मात्र पूर्ण दर लागतो. शिवाय जोडीदार आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत नसल्याने वर्षाला एकूण 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा कर लागत नाही.

दवाखान्यात

बरेच जण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. ते चुकतं. देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे माणूस बेशुद्ध पडल्यावर, ऐन गरजेला, ते कामाचं नसतं. मग उच्च न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते.

जीवरक्षक उपचारांबाबत आगाऊ वैद्यकीय निर्देश करता येतो, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही अशी वेळ आली तर काय करावं हे आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून जोडीदाराचं नाव त्यातच घाला. मानसिक आजारासाठी तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 14 खाली साध्या कागदावर सही करून कुणालाही नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं. हे फुकट, पाच मिनिटांचं काम आहे आणि फारसं कुणी करत नाही.

घरचे डांबून ठेवत असतील किंवा धमक्या देत असतील, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी) किंवा संरक्षणाची याचिका करा. मार्च 2024 च्या देवू जी. नायर निकालाने न्यायालयांना बजावलं आहे, की अशा प्रकरणात समुपदेशनाच्या नावाखाली व्यक्तीचं मन वळवायचं नाही.

मूल

दोघंही एकाच मुलाचे कायदेशीर पालक होतील असा मार्ग आज नाही. पालक एकच होणार. तो कोण, हे आधी ठरवा.

सरोगसीचा रस्ता बंद आहे. 2021 चा कायदा विवाहित स्त्री-पुरुष आणि 35 ते 45 वयाची विधवा किंवा घटस्फोटिता यांच्यापुरताच आहे. सहाय्यित प्रजननाचा त्याच वर्षीचा दुसरा कायदा मात्र 21 ते 50 वयाच्या एकट्या स्त्रीला उपचार घेऊ देतो. दोघी असाल तर एकीने एकटी स्त्री म्हणून अर्ज करावा. शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्या. ओळखीतल्या मित्राकडून परस्पर घेतले तर तो उद्या वडील म्हणून हक्क सांगू शकतो.

दत्तक घेताना एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दोन्ही घेता येतात, एकट्या पुरुषाला मुलगी नाही. दोन वर्षांखालचं मूल हवं तर एकट्या अर्जदाराचं वय जास्तीत जास्त 40. जोडप्याला दत्तक देण्यासाठी दोन वर्षांचा स्थिर विवाह लागतो, आणि लग्नाविना जोडीदारासोबत राहणाऱ्या एकट्याचा अर्जही विचारात घेऊ नये असं ‘कारा’चं (दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचं) 2022 चं परिपत्रक आहे. गृहभेटीत घरात कोण राहतं हे विचारलं जातंच. खोटं लिहिलं तर पुढे सगळं अंगाशी येतं. अर्जाआधीच वकिलाशी बोला.

बाळंतपणानंतर जन्मदाखल्यावर फक्त आईचं नाव घालता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानुसार अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा लागतो. पासपोर्टलाही एका पालकाचं नाव पुरतं. शाळेत दुसरीचं नाव मुलाला न्यायला येणारी व्यक्ती आणि आणीबाणीचा संपर्क म्हणून आईच्या सहीने लेखी द्या.

आई अचानक गेली तर आजी-आजोबा मुलाचा ताबा मागू शकतात. हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम 9 खाली अविवाहित आईला मृत्युपत्रातून पालक नेमता येतो. ही नेमणूक मृत्युपत्रात स्वतंत्र परिच्छेदात, जोडीदाराच्या पूर्ण नावानिशी घाला. वाद झाला तर न्यायालय मुलाचं हित पाहतं, म्हणून शाळेची फी, लसीकरणाची कार्डं, दवाखान्याची बिलं अशी जोडीदाराचं नाव असलेली प्रत्येक पावती पहिल्या वर्षापासून एकाच फायलीत ठेवा.