उतारावरचा चौक: आधी मोजा, मग मागा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या कुशीत राहणाऱ्याला उतार काय असतो हे सांगायला नको. आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं शेजारच्या आजींना काठी टेकत पलीकडे जायला बारा सेकंद लागतात. वरच्या वळणावर दिसलेली गाडी चार सेकंदांत कोपऱ्यावर येते. मोबाइलवर हे मोजलं तेव्हा पोटात गोळाच आला. आजी रस्ता मोकळा बघूनच पाऊल टाकतात हो!

‘रस्ता धोकादायक आहे’ एवढाच अर्ज देऊ नका. मोजमाप जोडा.

गवंड्याकडून पाणसळ आणा. मीटरभराची सरळ फळी उताराच्या दिशेनं ठेवा आणि पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचला. टोकाखाली 10 सेंटिमीटर फट पडली, तर उतार दहास एक. मग चौकाच्या वरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला 25 मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करा. गाडीनं हे अंतर 3 सेकंदांत कापलं तर वेग ताशी 30 किलोमीटर, सव्वादोन सेकंदांत कापलं तर 40. शाळा सुटताना वीस-पंचवीस गाड्या तरी मोजा. ताशी 40 च्या गाडीला थांबायला सपाटीवर साधारण 45 मीटर लागतात, दहास एक उतारावर 50.

आता ओलांडायच्या जागी पोराच्या डोळ्यांच्या उंचीइतकं वाका. उभा टेम्पो, फ्लेक्स, डीपीची पेटी, काय काय आड येतं ते लिहा, फोटो काढा. चौकात, वळणावर आणि चढाच्या माथ्यावर गाडी उभी करायला नियमानंच मनाई आहे, म्हणून ही मागणी सगळ्यात आधी करा. तिला खर्चही फारसा नाही.

गतिरोधक चौकाच्या तोंडाशी नको, दृष्टी मोकळी होण्याआधी, वर हवा, आणि त्याच्याही अलीकडे फलक. गल्लीतली मंडळी रातोरात डांबराचा उंचवटा टाकतात, तो सायकलवाल्याला पाडतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापानं गतिरोधक गाडी जाते त्या दिशेनं 3.7 मीटर रुंद आणि मधोमध फक्त 10 सेंटिमीटर उंच असतो. गल्लीचं तोंड अरुंद करून घ्या, म्हणजे गाडी वळताना आपोआप हळू होते आणि आजींना ओलांडायचं अंतरही कमी होतं.

सायकलसाठी जागा एकाच बाजूला निघत असेल, तर ती चढाच्या बाजूला मागा. चढताना सायकल हळू जाते, डुलते, तिला दीड मीटर तरी लागतो. उतरणारा गाड्यांच्या वेगानंच येतो; त्याचा घात करते चेंबरची जाळी. तिच्या पट्ट्या चाकाच्या दिशेनं असल्या तर चाक आत जातं, त्या आडव्या बसवून घ्या. पावसाळ्यात वरून वाहून आलेली खडी कोपऱ्यावर साचते आणि झेब्राचे रंगवलेले पट्टे ओले झाले की निसरडे होतात. खडबडीत रंग मागा, आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर झाडू मारून घ्या.

रस्ता नगरपरिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे आधी विचारा. अर्जाची प्रत वाहतूक शाखेलाही द्या, दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या. रस्त्याच्या सदोष रचनेची जबाबदारी ठरवणारं कलम 198अ मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं आलं, त्याचा उल्लेख करा.

काम झाल्यावर त्याच दोन खुणांवर, त्याच वेळेला पुन्हा मोजा. 3 सेकंदांच्या आत गाड्या येत असतील तर नवे आकडे घेऊन परत जा.