होडीचं मशीन पाणी टाकेनासं झालं तर काय तपासायचं?

खाडीत आणि किनाऱ्यालगत चालणाऱ्या फायबरच्या होड्यांना मागे जे आउटबोर्ड मशीन लावतात, बंदरावर ज्याला सगळे ओबीएम म्हणतात, त्याला रेडिएटर नसतो. समुद्राचं पाणी खालून ओढायचं, सिलिंडरभोवती फिरवायचं आणि परत समुद्रात सोडायचं, हीच त्याची थंड राहण्याची सोय. त्यातलं थोडं पाणी एका बारीक भोकातून धार होऊन बाहेर पडतं. बऱ्याच लहान मशीनना तापमानाचा काटा नसतो, त्यामुळे ही धार हाच काटा. पण धार आहे की नाही, एवढंच पाहून भागत नाही. ती कुठल्या वेगात बारीक होते, हाताला किती गरम लागते, हे पाहण्याची सवय लावून घेतली की निम्मं निदान पाना हातात न घेताच होतं.

भर पाण्यात धार थांबली तर

रेज उतरवा, मशीन बंद करा आणि आधी नांगर टाका. वारा किंवा ओहोटी होडीला खडकाकडे नेत असेल, तर तापलेल्या मशीनपेक्षा तो धोका मोठा असतो. पाण्याविना मशीन चालत राहिलं, तर पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, काही क्षणांतच घासून जळू लागतो. त्यानंतर पिस्टन फुगतो आणि मशीन जाम होतं. तापलेल्या मशीनवर बादलीने पाणी मात्र ओतू नका. गरम ॲल्युमिनियमवर एकदम गार पाणी पडलं, तर हेड वाकतं किंवा तडकतं. त्याला आपोआप निवू द्या.

तोवर मशीन वर उचलून खालचा भाग पाहा. होडी ढकलणाऱ्या बाहेरच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वरच्या बाजूला गिअरच्या डब्यावर दोन्हीकडे जाळीसारख्या फटी असतात. पाणी तिथूनच आत जातं. तिथे शेवाळ, जाळ्याचा तुकडा, चिखल किंवा शिंपले अडकलेले असतात आणि सगळ्यात जास्त वेळा प्लास्टिकची पिशवी. ही पिशवी फार फसवी. होडी चालू असेपर्यंत ती ओढीने फटींना चिकटून राहते आणि मशीन थांबलं की सुटून वाहून जाते. त्यामुळे वर उचलल्यावर काहीच दिसलं नाही, तरी ‘फटी मोकळ्या होत्या’ असं लगेच ठरवू नका. मशीन निवल्यावर मंद चालीत सुरू करा. धार पूर्वीसारखी आली, तर बहुधा पिशवीच होती.

धार आली नाही, तर पाळी धारेच्या भोकाची. मिठाचा खडा किंवा वाळूचा कण त्यात अडकतो. जाड तंगुसाचा वीतभर तुकडा घेऊन तो भोकात हळूहळू सरकवा. तार घालू नका, तिने आतली नळी फाटते. पुष्कळदा एवढ्यानेच धार सुटते आणि मशीन उघडायची वेळ येत नाही.

धार काय सांगते

पंप कमी वेगात एका पद्धतीने आणि जास्त वेगात वेगळ्या पद्धतीने काम करतो. मंद चालीत रबराच्या पाकळ्या डब्याच्या भिंतीला घासत पाणी पुढे ढकलतात. वेग वाढला की त्या आत वाकतात आणि पाणी नुसतं भिरकावतात. म्हणून मंद चालीत धार मरते आणि रेज वाढवल्यावर जोर धरते, तेव्हा पंखा झिजला असं समजा. उलट मंद चालीत सगळं ठीक आणि वेगात मशीन तापतं, तेव्हा फटी अर्धवट बुजल्यात, आतल्या वाटा मिठाने अरुंद झाल्यात किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, पुरता उघडत नाही.

धार जोरात आहे तरी मशीन तापतंय, असंही होतं. बऱ्याच मशीनमध्ये धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या आधीच बाहेर काढलेलं असतं. पंप चालू आहे एवढंच ती धार सांगते. धारेबरोबर वाफ येत असेल, प्लग काढल्यावर ओले निघत असतील किंवा फोर स्ट्रोक मशीनचं ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेडचं गास्केट गेलेलं आहे. ते काम मेकॅनिकवर सोपवा.

पंपातला पंखा बदलणं

हे काम किनाऱ्यावर, मशीन उभं लटकवून करा. आधी प्लगच्या टोप्या काढून ठेवा. खालचा गिअरचा भाग बोल्टांनी वर जोडलेला असतो आणि गिअरची सळई कुठे सुटते हे प्रत्येक मॉडेलचं निराळं, म्हणून मॅन्युअल समोर ठेवा. बोल्ट मिठाने धरले असतील, तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबा. जोर केलात, तर बोल्ट आत तुटतो आणि शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

गिअरचा भाग सरळ खाली ओढला की उभ्या शाफ्टवर पंपाचा डबा दिसतो. तो उघडून पंखा बाहेर काढा आणि हातात धरून नीट पाहा. पाकळ्या बाहेर काढल्यावरही एकाच बाजूला वाकलेल्या राहिल्या, तर रबर मेलं. अख्ख्या दिसल्या तरी बदला. एखादी पाकळी तुटलेली असेल, तर तिचा तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो वरच्या नळीत किंवा ब्लॉकच्या वाटेत बसलेला असतो आणि नवा पंखा घातल्यावरही पाणी अडवतो. आतला स्टीलचा कप आणि खालची पत्री चरे पडलेली असेल, तर तीही बदला.

नवा पंखा बसवताना साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत डबा खाली दाबा, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. पंखा शाफ्टवर अडकवणारी चावी जागेवर आहे ना, ते पाहा. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, वरच्या टोकाला नको. तिथे ग्रीस साचलं की शाफ्ट पुरता वर बसत नाही. भाग वर चढवताना पाण्याची नळी पंपाच्या रबरी कडीत बसली का, हे बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. नवा पंखा घालूनही धार नाही, अशा तक्रारीत हीच नळी बाहेर राहिलेली असते.

चाचणीसाठी बाहेरचा प्रोपेलर उतरवून पाण्याने भरलेलं पिंप वापरा. पाण्याची पातळी पंपाच्या वर हवी.

थर्मोस्टॅट आणि मीठ

थर्मोस्टॅट तपासायला झडपेच्या फटीत दोरा अडकवा, पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा आणि शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवा. झडप उघडली की तो दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. आउटबोर्डचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा सल्ला बंदरावर सर्रास मिळतो, पण ऐकू नका. गार चालणारं मशीन इंधन जास्त खातं आणि त्यात काजळी धरते.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि मशीन तापलं की ते आतल्या वाटांना चिकटतात. फेरी झाल्यावर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं मशीन धुणं, याहून स्वस्त उपाय नाही. क्षार घट्ट बसले असतील, तर पातळ व्हिनेगर फिरवून नंतर भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड घालू नका, ते ॲल्युमिनियम खातं.

देवबागला, जिथे कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यांवरून जायचं असेल, तर उथळ पाण्यात मशीन थोडं वर उचलून हळू चला. वाळू आत गेली, तर नवा पंखाही लवकर झिजतो.

पावसाळी बंदीला होड्या वर ओढल्या की मशीन धुऊन ठेवा, पण नवा पंखा तेव्हा घालू नका. दोन महिने एकाच जागी दबून पाकळ्या वाकतात. तो आणून सावलीत ठेवा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास, होडी पाण्यात जाताना घाला.