‘याला जरा समजवा’ : शिस्तीच्या तक्रारींवर समुपदेशन कसे करावे

वर्गात दंगा झाला की मुलाला समुपदेशकाकडे धाडायचे आणि सोबत निरोप द्यायचा, ‘याला जरा समजवा.’ असे चार-सहा वेळा घडले की ती खोली शिक्षेची ठरते, आणि ज्याला खरेच काही सांगायचे आहे ते मूल तिकडे फिरकत नाही. म्हणून शिक्षा ठरवणारी व्यक्ती वेगळी आणि समुपदेशन करणारी वेगळी असावी. समुपदेशकाने शिक्षा सुनावू नये, माफ करू नये, शिस्त समितीत मतही देऊ नये. दोन्ही कामे एकाच शिक्षकाकडे असतील, तर निदान ती वेगवेगळ्या दिवशी आणि वेगळ्या खोलीत करावीत.

पाठवणाऱ्या शिक्षकाकडून चिठ्ठी जरूर घ्यावी. ‘उद्धट’, ‘बेफिकीर’ असले शेरे मात्र चालवून घेऊ नयेत, कारण त्यातून काहीच हाती लागत नाही. चार रकाने पुरेत: कोणता तास, आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले किंवा म्हटले, आणि मग काय झाले. शाळेच्या सलग दहा दिवसांच्या नोंदी घ्याव्यात. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि शिक्षक नेमका तोच कोरा सोडतात.

समजा, नववीतल्या एका मुलाच्या सात नोंदी आहेत. पाच गणिताच्या तासाच्या, त्यातल्या चार फळ्यावर गणित सोडवायला बोलावल्यानंतरच्या. चौथ्या रकान्यात दर वेळी एकच ओळ, ‘वर्गाबाहेर काढले.’ त्याला बाहेरच जायचे होते! आपण शिक्षा समजून त्याची सुटका करत होतो. अशा मुलाला उपदेश करून काही होत नाही. काही दिवस फळ्यावर बोलावणे थांबवून बाकावरच दोन सोपी गणिते द्यावीत आणि अपूर्णांकात गाडी कुठे अडली ते शोधावे. वर्ग हसतो म्हणून दंगा करणाऱ्याचे गणित वेगळे. त्याला सगळ्यांसमोर झापले की हवे ते प्रेक्षक आयतेच मिळतात. त्याच्या बाकाजवळ जाऊन हळू आवाजात एक वाक्य बोलावे. अशा दंग्याकडे दुर्लक्ष करायचे ठरले, तर सुरुवातीचे काही दिवस तो वाढतो. नेमके तेव्हाच शिक्षकाचा तोल सुटला, तर जास्त आवाज केला की काम होते, एवढेच मूल शिकते.

पहिली भेट ३० ते ४० मिनिटांची ठेवावी. मुलाने तोंड उघडण्याआधीच गोपनीयतेची मर्यादा सांगावी: इथले बोलणे बाहेर जाणार नाही, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, अथवा कोणी तुझा छळ करत असेल, तर ते मला सांगावेच लागेल. हे नंतर सांगितले तर मुलाला फसवल्यासारखे वाटते. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न टाळावा. उत्तरात ‘माहीत नाही’ किंवा सारवासारवच येते. त्याऐवजी ‘त्याआधी काय झालं? तेव्हा मनात काय आलं? कोणाला त्रास झाला? आता काय करता येईल?’ असे विचारावे आणि प्रत्येक प्रश्नानंतर दहा सेकंद गप्प बसावे. वाटते तितके ते सोपे नाही.

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या मानसोपचारकांच्या उपायकेंद्री, म्हणजे अडचणीपेक्षा उपायावर भर देणाऱ्या, पद्धतीतला मोजपट्टीचा प्रश्न इथे कामी येतो. ‘शून्य म्हणजे सगळंच बिघडलेलं आणि दहा म्हणजे सगळं हवं तसं, तर तू आज कुठे आहेस?’ मूल ‘तीन’ म्हणाले तर ‘पाच का नाही?’ न विचारता ‘मग एक का नाही?’ असे विचारावे. स्वतःला काय जमते ते मूल स्वतःच सांगू लागते.

वागणे दोन-तीन आठवड्यांत एकदम बदलले असेल, तर आधी झोप, ऐकू येणे, दिसणे, वाचनातली अडचण आणि इतर मुलांकडून होणारा त्रास तपासावा. छळाचा संशय आला तर स्वतः चौकशी करत बसू नये. बालसंरक्षणाची ठरलेली कार्यवाही त्याच दिवशी सुरू करावी.

रोजच्या पाठपुराव्याला एक कार्ड पुरते. सात तास, प्रत्येक तासाला दोन अपेक्षा (‘जागेवर बसलो’, ‘काम सुरू केले’), प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण. म्हणजे दिवसाला २८. सकाळी पाच मिनिटे, शाळा सुटताना पाच मिनिटे भेट. शेवटचे लक्ष्य ८० टक्के, म्हणजे २३ गुण. पण आज मूल १२वर असेल, तर पहिल्या आठवड्यात १५ मागावेत. पहिल्याच दिवशी २३ मागितले तर तिसऱ्या दिवशी कार्ड ‘हरवते’. कमी गुणांवर भाषण देऊ नये आणि घरी ते मारण्याचे निमित्त होणार असेल, तर कार्ड घरी पाठवूच नये.

सगळी ‘दंगेखोर’ मुले एकत्र बसवून गट-समुपदेशन करण्याचा मोह टाळावा. डिशन, मॅककॉर्ड आणि पूलँ या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवून दिले की अशा गटांत मुले एकमेकांच्या उचापतींना दाद देतात आणि वागणे बिघडू शकते. गट करायचाच तर नीट वागणारी मुले त्यात जास्त असावीत. दादागिरीच्या प्रकरणात समेटाची बैठक घेण्याआधी त्रास झालेल्या मुलाला एकट्याला विचारावे. तो नाही म्हणाला तर बैठक नाही.

लक्ष्य सलग चार आठवडे टिकले की कार्ड दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा करावे. झटक्यात बंद केले तर जुने वागणे परत येते. शिक्षकांना फक्त वर्गात काय बदल करायचा तेवढे लेखी द्यावे. खोलीतले बोलणे कुलपात.