हलके आणि नैसर्गिक दिसणारे कृत्रिम पाऊल कसे निवडावे

कृत्रिम पाऊल घ्यायचे ठरल्यावर बहुतेकांच्या मागण्या दोनच असतात: ते हलके असावे आणि खऱ्या पावलासारखे दिसावे. दोन्ही मागण्या रास्त आहेत, परंतु त्या थोड्याफार एकमेकींच्या आड येतात, कारण बोटे, नखे, शिरा आणि त्वचेचा रंग दाखवणारे कोणतेही आवरण पावलाच्या वजनात भर घालते. त्यामुळे निवडीची सुरुवात पावलांचे नमुने पाहून करण्यापेक्षा स्वतःचा दिवस डोळ्यांसमोर आणून करावी. चालणे किती होते, जमीन सपाट असते की उंचसखल, जिने किती चढावे लागतात, पाऊल ओले होते का आणि अनवाणी किती वेळ वावरायचे असते, या प्रश्नांची उत्तरे लिहून प्रोस्थेटिस्टसमोर, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञासमोर, ठेवली, तर बरेचसे पर्याय तिथेच गळून पडतात.

आधी वजनाविषयी. माणसाचे नैसर्गिक पाऊल त्याच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे दीड टक्का असते, म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीचे पाऊल साधारण एक किलोचे भरते. बहुतेक कृत्रिम पावले याहून हलकी असतात, तरीही ती जड वाटतात. नैसर्गिक पाऊल हाडे, सांधे आणि स्नायू यांनी शरीराशी जोडलेले असते, तर कृत्रिम पाऊल स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायावर, बसवलेल्या सॉकेट नावाच्या कवचाच्या आधाराने लटकलेले असते. सॉकेट सैल असेल आणि पाय उचलताना तो थोडा जरी खाली सरकत असेल, तर हलक्यातले हलके पाऊलही ओढल्यासारखे वाटते. पाऊल जड असल्याची तक्रार असेल तेव्हा नवे पाऊल शोधण्यापूर्वी सॉकेट, लायनर (स्टंपवर चढवायचे मऊ अस्तर) आणि पाय धरून ठेवणारी पद्धत तपासून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळदा दुखणे पावलात नसून वरच्या बाजूला असते.

याचा अर्थ पावलाचे वजन गौण आहे असा नाही. पाय पुढे झोकताना गुडघ्यापासून किंवा कमरेपासून जितके दूर वजन असेल, तितके ते हलवायला अधिक जोर लागतो. लांब काठीच्या टोकाला बांधलेले ओझे मुठीजवळच्या ओझ्यापेक्षा जड भासते, तसेच हे आहे. म्हणून शंभर ग्रॅम कमी करायचेच असतील, तर ते सॉकेटपेक्षा पावलातून आणि बुटातून कमी केलेले बरे. जड बूट घालून हलक्या पावलाचा हट्ट धरण्यात काही हशील नाही. माहितीपत्रकातील वजन वाचताना ते कोणत्या मापाच्या पावलाचे आहे आणि त्यात बाहेरचे आवरण व जोडणीचा भाग धरला आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण बऱ्याचदा ते एखाद्या मध्यम मापाचे आणि आवरणाविना दिलेले असते.

पावलांच्या प्रकारांत सर्वांत साधे पाऊल सॅच या नावाने ओळखले जाते. आत लाकडाचा किंवा प्लास्टिकचा कणा, टाचेला मऊ फोम आणि हलणारा एकही सांधा नाही, अशी त्याची रचना असते. घरात आणि सपाट जमिनीवर हळू चालणाऱ्यांना ते पुरते, मात्र खडबडीत वाटेवर ते जमिनीशी जुळवून घेत नाही. घोट्यात एक सांधा असलेले पाऊल टाच टेकताच लवकर सपाट होते, त्यामुळे मांडीपासून पाय गमावलेल्यांना गुडघा स्थिर ठेवायला मदत होते. अनेक दिशांना वाकणारे पाऊल उंचसखल जमिनीवर उपयोगी पडते. या दोन्हींत सांध्यामुळे वजन आणि देखभाल वाढते. हायड्रॉलिक किंवा बॅटरीवर चालणारे घोटे उतारावर फार सुखाचे असतात, पण ज्यांची पहिली अट हलकेपणाची आहे, त्यांनी त्यांचा विचार जपूनच करावा.

हलकेपणा आणि चाल या दोन्हींचा मेळ आज मुख्यतः कार्बन फायबरच्या पावलांत बसतो. पाऊल टेकताना त्यातली कार्बनची पट्टी वाकते आणि चवड्यावरून पुढे जाताना साठवलेली शक्ती परत देते. मात्र कार्बन पाऊल शरीराचे वजन आणि हालचालीचे प्रमाण पाहून ठरावीक ताठरपणात निवडावे लागते. ते गरजेपेक्षा ताठर असेल तर प्रत्येक पावलाला छोटा चढ चढल्यासारखे वाटते, आणि मऊ असेल तर चवड्यावर भार येताच शरीर पुढे खचते. वजन बरेच वाढले किंवा घटले, किंवा कामात ओझे वाहणे आले, तर ताठरपणाची श्रेणी पुन्हा तपासून घ्यावी. स्टंप लांब असल्यास खाली उरणारी जागा कमी असते, म्हणून कमी उंचीचेच पाऊल बसते. आवडलेले पाऊल आपल्या पायाखाली मावते का, हा प्रश्न म्हणूनच सुरुवातीलाच विचारावा.

आता दिसण्याविषयी. बोटे असलेले तयार रबरी आवरण बहुतेक पावलांबरोबर मिळते आणि ते काढून बदलता येते. अंगठा वेगळा असलेले आवरण घेतले तर अंगठ्याची चप्पल घालता येते, परंतु कृत्रिम बोटे चप्पल धरून ठेवत नाहीत, म्हणून मागे पट्टा असलेलीच निवडावी. याहून हुबेहूब रूप हवे असेल, तर दुसऱ्या पायावरून हाताने रंगवलेले सिलिकॉनचे आवरण बनवून घेता येते. ते फोमच्या आवरणापेक्षा जड असते, घोट्याभोवती जाड झाले तर घोट्याच्या हालचालीला अडवते आणि रंग सुटणाऱ्या कपड्यांचे डाग धरते. रंग ठरवताना तो दिवसाच्या उजेडात दुसऱ्या पायाशी जुळवून पाहावा. उन्हाने आपली त्वचा गडद होते आणि आवरण तसेच राहते, म्हणून मधली छटा घेणे शहाणपणाचे. असे आवरण सर्वांत शेवटी करून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने स्टंपचा आकार बदलत असतो आणि पायाची जुळणी पक्की झाल्याखेरीज त्यावर बाहेरचा साज चढवण्यात अर्थ नसतो.

रूप आणि उपयोग एकत्र आणण्याचा एक जुना आणि अभ्यासण्यासारखा प्रयत्न म्हणजे जयपूर फूट. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेले हे रबरी पाऊल बोटांसह त्वचेच्या रंगाचे असते, बुटाविना चालते आणि त्यावर उकिडवे व मांडी घालूनही बसता येते. बुटात झाकायचे नसलेल्या पावलाकडून काय अपेक्षा ठेवाव्यात, हे त्याच्या घडणीतून चांगले कळते.

नैसर्गिक दिसणे हे केवळ नखाशिरांवर ठरत नाही, ही गोष्ट निवड करताना सहसा विसरली जाते. समोरच्याला जाणवते ते लंगडणे, असमान टांगा आणि पावलाचा आपटणारा आवाज. उत्तम रंगवलेले पाऊल चुकीच्या जुळणीत लगेच ओळखू येते, तर चांगल्या जुळणीतले साधे पाऊल बुटात कुणाच्या ध्यानातही येत नाही. जुळणीत टाचेच्या उंचीचा वाटा मोठा आहे. पाऊल एका ठरावीक उंचीच्या टाचेसाठी बसवलेले असते. त्याहून उंच टाचेचा बूट घातला की शरीर पुढे ढकलले जाते आणि गुडघा वाकू पाहतो, तर अनवाणी चालल्यास गुडघा मागे रेटला जातो. म्हणून नेहमीचे सगळे जोडे फिटिंगला बरोबर न्यावेत. उंची वरचेवर बदलणार असेल, तर बटण दाबून टाच कमीजास्त करता येणारे पाऊल मागावे. त्याचे वजन थोडे अधिक असते.

चाचणीसाठी नवे पाऊल शक्यतो जुन्या, चांगल्या बसणाऱ्या सॉकेटवर लावून पाहावे, कारण दोन्ही एकदम बदलले तर कोणत्या बदलाने काय साधले ते कळत नाही. सपाट जागेवर चार पावले टाकून समाधान मानू नये. उतार, जिना, वळणे, मंद आणि भरभर चाल हे सर्व करून पाहावे, आणि कुणाला तरी मागून व बाजूने चित्रीकरण करायला सांगावे. स्टंपवरची लाली सॉकेट काढल्यानंतर लवकर मावळायला हवी. ती टिकून राहत असेल तर खरेदी थांबवावी. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी आरसा धरून त्वचा रोज पाहावी.

पाण्याबाबत विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. पाऊल गोड्या पाण्यात चालते की समुद्राच्या आणि क्लोरीनच्या पाण्यातही, हे सूचनापत्रकात पाहावे. साध्या फोममध्ये पाणी मुरले की पाऊल जड होते आणि आतून कुजू लागते. आवरणात वाळू गेल्यास ते काढून स्वच्छ करावे, कारण कण कार्बनवर घासत राहतात. चालताना कुरकुर ऐकू आली, तर आवरण आणि पट्टी यांमधला पातळ मोजा फाटला आहे का ते आधी पाहावे. आवरणाला चिरा पडल्या की ते बदलून घ्यावे आणि त्याच वेळी आतील पट्टीला तडे गेलेले नाहीत ना, हे प्रोस्थेटिस्टकडून तपासून घ्यावे.