शेवटचा मिक्सर निघण्याआधी: बूम पंपाच्या धुलाईची तयारी

बूम पंपाची, म्हणजे घडीच्या लांब हातावरच्या नळीतून काँक्रीट उंचावर पोहोचवणाऱ्या पंपाची, धुलाई काम संपल्यावर सुरू होते, असे समजणाऱ्याचा पंप एखाद्या उन्हाळ्यात हमखास जाम होतो. काँक्रीट आणणारा शेवटचा मिक्सर ट्रक रिकामा झाल्यावर नळीतल्या मालाला जितका वेळ मिळतो, त्यात खड्डा खणणे, पाण्याचा टँकर बोलावणे आणि नळी आतून पुसून काढणारा स्पंजचा बॉल शोधणे ही कामे बसत नाहीत. म्हणून पुढची यादी पंप साइटवर उभा करण्यापूर्वी वाचावी आणि ऑपरेटर, साइट इंजिनिअर आणि हेल्पर या तिघांनीही वाचावी, कारण यातली निम्मी कामे ऑपरेटरच्या हातात नसतात. येथे डोळ्यांसमोर धरला आहे तो पुणे आणि मुंबईच्या परिसरात सर्रास दिसणारा, ट्रकवर बसवलेला ३६ मीटर बूमचा आणि १२५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा पंप.

सुरुवात हिशेबाने करावी. १२५ मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे १२ लिटर काँक्रीट मावते. बूमची, बेंडची आणि शेवटच्या रबरी होजची लांबी मिळून ४० मीटर धरली, तर काम थांबते त्या क्षणी जवळजवळ अर्धा घनमीटर माल नळीतच असतो आणि त्याचे वजन १२०० किलोच्या घरात जाते. हॉपरच्या, म्हणजे मिक्सर ज्यात माल ओततो त्या पंपाच्या हौदाच्या, तळाशी राहणारा माल याशिवाय. म्हणजे पंप धुताना अर्धा ते पाऊण घनमीटर काँक्रीट आणि त्यावर ओतलेले सगळे पाणी कुठेतरी जाणार आहे. ते कुठे जाणार, हे आधी ठरवले नाही तर ते उताराकडे जाते आणि शहरात उताराच्या टोकाला पावसाळी गटार असते. सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. ते नाल्यात सोडणे गैर आहेच, शिवाय गटारात साचलेली सिमेंटची खळ काढायला नंतर छिन्नी लागते आणि तोवर शेजारच्या सोसायटीचा अध्यक्ष साइटवर आलेला असतो.

यासाठी खड्डा आदल्या दिवशीच खणून घ्यावा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन फूट खोल एवढा खड्डा एका धुलाईला पुरतो. तळाला आणि कडांना जाड प्लॅस्टिक अंथरावे आणि प्लॅस्टिकच्या कडा वाळूच्या पोत्यांनी दाबाव्यात. आउटरिगरच्या, म्हणजे पंपाला आधार द्यायला बाहेर काढलेल्या पायांपासून तो दूर असावा, कारण भरलेल्या खड्ड्याकाठची माती ओली होते आणि पंपाचा सगळा भार त्या चार पायांवर असतो. बेसमेंटच्या कडेला किंवा नुकत्याच भरलेल्या भरावाजवळ तर खड्डा नकोच. जागा निवडताना वर पाहायला विसरू नये, कारण धुताना बूम पुन्हा हलवावा लागतो आणि विजेच्या तारा काम करताना जितक्या जीवघेण्या असतात तितक्याच धुतानाही असतात. फरक इतकाच, की तोपर्यंत सगळे दमलेले असतात. खणायला जागाच नसेल, तर लोखंडी पत्र्याची ट्रे किंवा जुन्या शटरिंगच्या प्लेटा जोडून केलेला हौद चालतो. नवीन स्लॅबवर किंवा सळयांच्या जाळीत धुलाईचे पाणी सोडण्याचा मोह मात्र कोणीही सुचवला तरी टाळावा.

पाण्याची खात्री तोंडी घेऊ नये. आमच्या पंपावरच्या टाकीत ६०० लिटर पाणी मावते आणि सकाळी पंप लावताना त्यातले काही खर्च झालेले असते, त्यामुळे पंपिंग चालू असतानाच ती पुन्हा काठोकाठ भरून घ्यावी. शिवाय साइटवर आणखी एक हजार लिटर पाणी आणि ते पंपापर्यंत पोहोचेल एवढा पाइप हवा. हा पाइप जोडून आणि पाणी सोडून पाहावा. मे महिन्यातल्या एका दुपारी मला सांगण्यात आले की टँकर रस्त्यात आहे, आणि मी विश्वास ठेवला. टँकर पोहोचला तेव्हा बूमच्या तिसऱ्या हातातला माल धरून घट्ट झाला होता. त्यानंतरचे दोन दिवस नळीचे तुकडे उतरवून, जमिनीवर आडवे ठेवून, हातोड्याने ठोकण्यात गेले आणि त्यातले चार तुकडे शेवटी भंगारातच गेले. तेव्हापासून मी टँकर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेवटचे तीन मिक्सर बोलावत नाही.

हत्यारांची पेटी लहान असते पण पूर्ण असावी. नळीच्या मापाचे स्पंजचे बॉल निदान दोन आणि त्यांतला एक नवा. बॉल आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवावेत, कारण कोरडा बॉल नळीत अडकतो आणि फाटतो. नळ्यांचे सांधे जोडणारे क्लॅम्प उघडण्यासाठी हातोडी व पाना, क्लॅम्पचे दोन जादा रबरी गॅस्केट, हॉपर खरवडण्यासाठी लांब दांड्याची खरवडणी, तारेचा ब्रश, फावडे, घमेली आणि ग्रीसगन. एक पिशवी साखर जवळ असावी, हे ऐकून नवे इंजिनिअर हसतात. पण साखरेमुळे सिमेंटचे घट्ट होणे खरोखरच लांबते, आणि माल हाताबाहेर जात असताना हॉपरमध्ये टाकलेले किलोभर साखरेचे पाणी खड्ड्यात जाणाऱ्या मालापुरते तरी काम सोपे करते. इमारतीत जाणाऱ्या मालात ती कदापि पडता कामा नये. माणसांसाठी गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. गमबुटात गेलेले ओले काँक्रीट तासाभरात कातडी जाळते आणि जळत असल्याचे बऱ्याचदा संध्याकाळी बूट काढल्यावरच कळते. डोळ्यांत शिंतोडा गेला तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि मग थेट दवाखाना गाठावा. त्यासाठी पिण्याच्या पाण्याचा एक कॅन वेगळा ठेवावा.

आता घड्याळ. तयार काँक्रीटसंबंधीच्या आयएस ४९२६ या मानकात मिक्सर भरल्यापासून माल उतरवण्यासाठी दोन तासांची सर्वसाधारण मर्यादा दिलेली आहे आणि रिटार्डर (घट्ट होणे लांबवणारे रसायन) घातला असेल तर ती वाढवता येते. शेवटचा मिक्सर हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या वाहतुकीतून आला असेल, तर त्यातला बराचसा वेळ रस्त्यातच संपलेला असतो. म्हणून शेवटच्या मिक्सरच्या चलनावरची भरल्याची वेळ ऑपरेटरने स्वतः वाचावी आणि धुलाईला किती अवधी उरतो ते त्यावरून ठरवावे. शेवटच्या फेरीचा अंदाज बांधताना नळीतला अर्धा घनमीटर मोजायला विसरू नये. तो परत ओढला जाणार आहे, स्लॅबवर पडणार नाही. साइटवर कव्हर ब्लॉकचे (सळयांखाली ठेवायच्या लहान ठोकळ्यांचे) किंवा फुटपाथच्या ठोकळ्यांचे साचे असतील, तर ते तेल लावून मांडून ठेवावेत. परत ओढलेल्या मालाचा तेवढा तरी उपयोग होतो, पण कॉलम-बीममध्ये तो जाऊ नये.

नळी रिकामी करण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे बॉल हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने पुढे ढकलणे आणि दुसरी म्हणजे पंप उलटा चालवून तो मागे ओढणे. बूम पंपासाठी माझी पसंती निःसंशय दुसऱ्या रीतीला आहे. दाबाखालची हवा स्प्रिंगसारखी साठून राहते. बॉल सुटला की नळीतला उरलेला माल गोळीसारखा बाहेर येतो आणि टोकाची रबरी होज चाबकासारखी फिरते. जमिनीवरच्या लांब पाइपलाइनसाठी हवा वापरावीच लागली, तर रबरी होज आधी काढून टाकावी, टोकाला बॉल अडवणारी जाळी बसवावी, टोकासमोर कोणालाही उभे राहू देऊ नये आणि हे काम शिकलेल्या माणसाकडेच द्यावे.

मागे ओढण्याची कृती साधी आहे, पण क्रम चुकवू नये. हॉपरमधला माल बराच खाली येऊ द्यावा, म्हणजे नळीतून परतणाऱ्या मालाला जागा राहते. दोन-तीन स्ट्रोक उलटे मारून नळीतला दाब उतरवावा. दाब असताना क्लॅम्पला हात लावू नये, हा नियम इथेही लागू आहे. मग बूम खाली आणून हेल्परने रबरी होजच्या तोंडात भिजलेला बॉल मुठीने आत दाबावा आणि बाजूला व्हावे. त्यानंतर बूमचे हात जमतील तितके उभे करून पंप सावकाश उलटा चालवावा. या वेळी नळीवर कान ठेवल्यासारखे लक्ष असावे: भरलेली नळी हातोडीने हलके ठोकली तर ‘ठक’ असा मेलेला आवाज देते आणि रिकामी झालेली नळी ‘टण्’ वाजते, त्यामुळे बॉल कुठवर आला ते खालून समजते. हॉपरमागच्या बेंडपर्यंत तो आला की पंपाचा आवाज हलका होतो. तेव्हा पंप थांबवावा, दाब उतरल्याची खात्री करावी, बेंड उघडून बॉल काढावा आणि तो अखंड आहे का ते पाहावे. दोन बॉल आत घातले असतील तर दोनच बाहेर यायला हवेत. फाटलेल्या बॉलचा आत राहिलेला तुकडा उद्याचा चोकअप असतो.

हॉपर धुण्याइतका फसवा भाग दुसरा नाही. पंप थांबलेला दिसतो, इंजिनही बंद असते आणि हेल्पर जाळी उचलून आत हात घालतो. पण अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबाखालचे तेल साठवणाऱ्या टाकीत, तेलाचा दाब अजून शिल्लक असू शकतो आणि त्या एवढ्याशा दाबाने एस-व्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या दोन सिलिंडरांना आळीपाळीने नळीशी जोडणारी एस आकाराची वाकडी नळी, एका झटक्यात या सिलिंडरवरून त्या सिलिंडरवर जातो. मध्ये आलेले बोट तो ओळखत नाही. म्हणून इंजिन बंद, किल्ली ऑपरेटरच्या खिशात, रिमोटचे लाल बटण दाबलेले आणि अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब काट्यावर शून्य, या चार गोष्टी जमल्याशिवाय जाळीच्या आत हात जाता कामा नये. जाळी उघडली की मशीन बंद पडण्याची सोय पंपात असते. ती तारेने बांधून निकामी केलेली आढळली, तर तो पंप धुवायला नव्हे, दुरुस्तीला न्यावा.

त्यानंतर तळाचे दार उघडून माल खड्ड्यात सोडावा आणि वरून खाली धुवावे: आधी हॉपरच्या कडा आणि जाळी, मग माल ढवळणाऱ्या अ‍ॅजिटेटरची पाती व त्यांच्या बेअरिंगच्या कडा, मग व्हॉल्व्हची आतली पोकळी आणि शेवटी दोन्ही सिलिंडरची तोंडे. श्विंगच्या बऱ्याच पंपांत रॉक व्हॉल्व्ह असतो, पुट्झमायस्टर आणि सॅनीच्या पंपांत एस आकाराची नळी असते, त्यामुळे माल कोणत्या कोपऱ्यात दडतो ते आपापल्या पंपाच्या पुस्तिकेत एकदा पाहून ठेवावे. एस-व्हॉल्व्हच्या पाठीमागे, हॉपरच्या भिंतीलगत, टॉर्चशिवाय दिसत नाही असा एक थर राहतो. रोज बोटाच्या पेराएवढा राहिला तरी महिन्याभरात तिथे दगड तयार होतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण फिरेनासा होतो. धुऊन झाल्यावर कटिंग रिंग आणि वेअर प्लेट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे घासत फिरतो ते दोन झिजणारे भाग, यांच्यामधली फट पाहून घ्यावी. ती स्वच्छ असताना जेवढी नीट दिसते तेवढी पुन्हा दिसत नाही.

मग वॉटर बॉक्स, म्हणजे पिस्टनमागची पाण्याची पेटी. अनेक ऑपरेटर तो फक्त रिकामा करतात. मी त्यातले पहिले पाणी पांढऱ्या बादलीत घेतो. पाणी किंचित मळकट असेल तर ठीक. त्यात सिमेंटची राखाडी खळ आणि तळाशी बारीक वाळू बसत असेल, तर पिस्टनचे रबर झिजले आहे. वर तेलाचा तवंग आणि इंद्रधनुष्यी रंग दिसले, तर हायड्रॉलिक सिलिंडरचे सील गेले आहे. पाहून झाल्यावर बॉक्स स्वच्छ पाण्याने भरावा आणि जे दिसले ते तारखेसह गाडीच्या वहीत लिहावे, म्हणजे सकाळची पाळी दुसऱ्याची असली तरी पिस्टन आजच मागवता येतो.

बाहेरून धुताना रेडिएटर, विजेच्या पेट्या आणि रिमोटचा रिसिव्हर यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. माल चिकटू नये म्हणून बूमवर डिझेल फवारण्याची सवय फार जुनी आहे आणि फार वाईट. डिझेल रबरी होज फुगवते आणि खाली गळून माती नासवते. त्याऐवजी शटरिंगचे तेल फडक्याने पुसून लावावे. ग्रीस पॉइंट ओले असतानाच भरावेत, म्हणजे आत शिरलेले सिमेंटचे पाणी ग्रीसबरोबर बाहेर ढकलले जाते.

गाडी हलवण्यापूर्वी बूम पूर्ण घडी करून टेकवावा आणि त्यानंतरच आउटरिगर आत घ्यावेत. रबरी होज बांधावी आणि तिच्या तोंडाला बूच लावावे; तिच्यातून रस्त्यावर पडलेला खडीचा एक खडा मागून येणाऱ्या दुचाकीला पुरेसा असतो. हॉपरचे तळाचे दार, चढण्याची शिडी, आउटरिगरखालचे लाकडी ठोकळे आणि टायरमधला चिखल हे पाहून गाडी फाटकाबाहेर काढावी.

खड्ड्याकडे मात्र गाडी निघण्याआधी एकदा परत जावे. माल ओला असतानाच मध्ये एक फळी उभी करून त्याचे दोन भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात वाकवलेल्या सळईची एक कडी खोल खुपसून ठेवावी, म्हणजे दोन-तीन दिवसांनी ते ठोकळे हायड्रा क्रेनने एक-एक करून उचलता येतात. वर साचलेले पाणी निवळायला तसेच राहू द्यावे आणि खड्ड्याभोवती पट्टी बांधावी, कारण रात्री वर फक्त पाणीच दिसते.