फुलाचे भाग शिकताना या चुका टाळा

वहीतली आकृती चोख असते. निदलपुंज (बाहेरची हिरवी निदलं), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर, म्हणजे परागाचा नर भाग), जायांग (मधला मादी भाग, त्याच्या तळाशी अंडाशय), चारही नावं पट्टीने रेघ ओढून लिहिलेली. त्याच मुलाच्या हातात खरी जास्वंद द्या आणि अंडाशय दाखव म्हणा, बोट हमखास पाकळ्यांवर फिरत राहतं. मी सोलापुरात विज्ञान शिकवतो. दरवर्षी नवी मुलं येतात, चुका मात्र त्याच.

फूलच चुकीचं आणणं ही पहिली. सिद्धेश्वराच्या देवळाबाहेरून गुलाब नाहीतर कुंडीतली डबल जास्वंद उचलून आणतात, कारण दिसायला भरगच्च. या फुलांत बरेचसे पुंकेसर पाकळ्यांत बदललेले असतात. मग पुंकेसर सापडत नाहीत म्हणून पोरं आकृतीतून ढापतात. साधी, एकेरी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद आणा, तीही सकाळी तोडलेली. आपल्याकडच्या उन्हात दुपारनंतर तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी चूक घाईची. फूल हाती आलं रे आलं की पाकळ्या ओरबाडायच्या. जास्वंदीत पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून एक नळी होते आणि ती बुडाशी पाकळ्यांना चिकटलेली असते. पाकळी ओढली की नळीही फाटून येते. आधी निदलं अलगद सोला. मग ब्लेडने नळीला बाजूने उभा चिरा द्या. आत पांढरट दोऱ्यासारखा कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयावरचा दांडा, दिसेल, वर त्याचे पाच फाटे आणि प्रत्येक टोकाला लाल लवदार ठिपका. त्या पाच कुक्षी, पराग झेलणारी टोकं. दोरा खाली सोडत न्या, जिथे तो फुगतो तिथे अंडाशय. त्याचा आडवा काप घेतला की पाच कप्पे आणि त्यांत बीजांडं, म्हणजे पुढे बी होणारे बारीक दाणे. मी खाली नेहमी काळा कागद ठेवतो, सांडलेले पराग त्यावर लगेच दिसतात. यूट्यूबवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून हे येत नाही, फूल हातात घ्यावंच लागतं.

आता डाळिंब. इथे चूक मार्कांची नसते, पैशांची असते. माझ्या मेव्हण्याची सांगोला तालुक्यात भगवा या जातीच्या डाळिंबाची बाग आहे. आंबे बहारात (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यात) एकदा सकाळीच त्याचा फोन. "दाजी, फुलगळ थांबंना झालीय, झाडाखाली नुसता लाल सडा पडलाय." कुणा दुकानदाराने त्याला कीटकनाशक आणि टॉनिक एकत्र फवारायला सांगितलं होतं, आणि ऐन फुलोऱ्यात, मधमाश्या फिरायच्या वेळी, अर्ध्या बागेवर ते मारूनही झालं होतं.

मी गेलो तेव्हा पडलेली फुलं पसाभर गोळा केली आणि बांधावर बसून एकेक उभं चिरलं. जवळपास सगळी नर फुलं! आकार घंटेसारखा, बूड निमुळतं, कुक्षीवृंत आखूड आणि पुंकेसरांच्या गर्दीत बुडालेला, अंडाशय नावापुरता. अशा फुलाला फळ धरतच नाही. पराग देऊन गळून पडणं हेच त्याचं काम. मग झाडावरची मादी कळी चिरून दाखवली (शेतकरी मादी म्हणतात ते फूल उभयलिंगी असतं, त्यात पुंकेसरही असतात). बूड घटासारखं भरदार, कुक्षी पुंकेसरांच्या बरोबरीने किंवा वर आलेली, आत बीजांडं. म्हणजे गळ नैसर्गिक होती. फवारलेल्या ओळींत मात्र मधमाशी दिसेना, आणि त्या ओळींत सेटिंग, म्हणजे फळधारणा, कमी झालं ते झालंच. फवारणीआधी पाच फुलं चिरून बघायला किती वेळ लागतो? पडलेल्यांत भरदार बुडाची फुलं जास्त निघाली तरच काळजी करा, आणि तेव्हाही आधी पाणी, कीड आणि मधमाश्या बघा. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आपल्या दारात आहे. तिथे विचारायचं सोडून लोक दुकानाच्या काउंटरवर निदान करून घेतात, याचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

निदलपुंज म्हणजे फक्त कळीचं आवरण, फूल उमललं की त्याचं काम संपलं, असं समजू नका. डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट म्हणजे शेवटपर्यंत टिकलेला निदलपुंजच.

सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती ही एकेक फुलं नव्हेत, फुलोरे आहेत. सूर्यफुलाच्या कडेची प्रत्येक पिवळी 'पाकळी' हे एक वांझ फूल असतं. मधल्या चकतीतलं एकेक बारीक फूल एकेक बी देतं.

बोगनवेलीचा रंगीत भाग पाकळ्यांचा नाही, ती पानंच. फूल म्हणजे मधली छोटी पांढरट नळी.

परागीभवन आणि फलन एकच लिहून मार्क घालवणारे तर दरवर्षी भेटतात. पराग कुक्षीवर पोचला की परागीभवन झालं. मग त्याला परागनलिका फुटते, ती कुक्षीवृंतातून खाली बीजांडापर्यंत जाते आणि तिथे नर युग्मक (परागातली नर पेशी) बीजांडातल्या अंडपेशीशी एकरूप होतं, ते फलन. पुढे बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ.